ओढून बघणारी क्रिस्टा

हेमलॉक बे गावाला भांडायला दोन विषय पुरतात. मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या पास्टीवर केचप घ्यायचं की रस्सा, हा पहिला. क्रिस्टा कांगास डेरिक लाहटीच्या दारात बर्फाचा बांध मुद्दाम घालते की नकळत, हा दुसरा. पहिल्यावरून एक साखरपुडा मोडलेला आहे, आणि मोडला तेच बरं झालं, कारण तो मुलगा पुढे पास्टीत गाजर घालायला लागला. दुसऱ्यावरून अजून काही मोडलेलं नाही. पण हिवाळाभर गावाच्या कॉफीला चव असते ती त्याचीच.

क्रिस्टा काउंटीचा, म्हणजे जिल्हा-सरकारचा, बर्फाचा नांगर चालवते. नांगर म्हणजे ट्रकच, पुढे आडवा लोखंडी फाळ लावलेला. रात्रीत पडलेला बर्फ ती पहाटे रस्त्यावरून ढकलते, तो बाजूला होतो, आणि बाजूला म्हणजे लोकांच्या दारासमोर. माणूस गाडी काढायला बाहेर येतो तो पुढ्यात कमरेइतका बांध. खासगी वाटेत काउंटीचा ट्रक घालायचा नाही असा नियमच आहे, त्यामुळे ज्याचा बांध त्याने उपसायचा. सगळे उपसतात. डेरिकचं म्हणणं एवढंच की त्याच्या दारातला बांध शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच असतो. त्याने पट्टी लावून फोटो काढलेला आहे आणि तो बारमध्ये मागणाऱ्याला दाखवतो, न मागणाऱ्यालाही दाखवतो.

क्रिस्टाला कोणी विचारलं तर ती म्हणते, "तिथे वळण आहे. वळणावर जास्त पडतो."

आणि पुढचं हसू कॉफीच्या कपात लपवते.

आता या बांधाचं मूळ शोधायला क्रिस्टाच्या शाळेत जावं लागतं. हिवाळ्यात इथल्या पोरांना उद्योग तीन. हॉकी, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणं, आणि ज्यांना पहिली दोन जमत नाहीत त्यांच्यासाठी रोबो. नवीन वर्ष लागलं की स्पर्धेचा खेळ जाहीर होतो. मग शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोरं कपडे धुवायच्या मशीनएवढा रोबो उभा करतात आणि मार्चमध्ये तो घेऊन मैदानात उतरतात. मैदान म्हणजे शाळेचा खेळाचा हॉल. तीन लाल रोबो, तीन निळे. अडीच मिनिटं चेंडू गोळा करायचे, फेकायचे, एकमेकांना ढुशा द्यायच्या. त्या अडीच मिनिटांसाठी आया खुर्चीवर उभ्या राहतात आणि चर्चमध्ये न ऐकलेले शब्द तोंडातून काढतात.

क्रिस्टा तेव्हा बॅटरीवर होती. जड बॅटरी चार्जरवरून काढायची, रोबोत बसवायची, जाडजूड प्लग लावायचा. एवढंच काम, पण दिवसभराचं. रोबो चालवायचा डेरिक. गळ्यात रिमोट, केसांना जेल, आणि आवाज असा की लाउडस्पीकरने लाजावं.

त्या वर्षी पोरं अंतिम सामन्यापर्यंत पोचली. गाव बंद ठेवून गाव आलं होतं. शिट्टी झाली, पाच रोबो सुसाट सुटले, आणि हेमलॉक बेचा रोबो लग्नात रुसून बसलेल्या आत्यासारखा जागच्या जागी. डेरिकने रिमोटच्या कांड्या पिरगाळून पाहिल्या. हलला नाही. अडीच मिनिटं हलला नाही. सामना संपल्यावर कळलं, बॅटरीचा प्लग अर्धवट बसलेला होता. रोबो मैदानात ठेवताना जरा हिसका बसला आणि सुटला.

सगळ्या हॉलसमोर डेरिक ओरडला, "बॅटरी लावली होतीस का, बॅटरी?"

झालं. बारसं झालं. त्या दिवसापासून क्रिस्टाचं नाव बॅटरी. पेट्रोल भरायला गेली की पंपवाला विचारणार, बॅटरी लावलीस ना? चर्चमध्ये मेणबत्ती विझली की मागच्या बाकावरून कुजबूज, बॅटरी कोणी लावली होती? ट्रकच्या परवान्याची परीक्षा द्यायला गेली तर परीक्षा घेणारा माणूस किल्ली हातात देताना म्हणाला, "आधी बघून घे बाई, बॅटरी लावलेली आहे." त्या दिवशी ती पास झाली आणि पहिल्याच बर्फात डेरिकच्या दाराशी पहिला बांध पडला. वळण असेलही तिथे. देव जाणे.

पण मुख्य गोष्ट बांधाची नाही, जाकिटाची आहे.

तो सामना हरल्यावर क्रिस्टा बाकाखाली जाऊन बसली होती. शोधत आला तो ऑर्विल मॅकी. खाणीतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन. पोरांच्या स्पर्धेत फुकट राबणाऱ्या पिवळ्या जाकीटवाल्यांचा तो मुकादम होता. फिनलंडच्या रक्ताचा माणूस, सांत्वनाचे शब्द जवळ नसतात, उगाच शोधतही नाही.

"रडून झालं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग रडत रडत चालेल. हा झाडू घे. मैदानात प्लॅस्टिकचे तुकडे पडलेत, पुढचा खेळ अडलाय."

आणि आपलं पिवळं जाकीट काढून तिच्या अंगावर टाकलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. क्रिस्टाने मैदान झाडलं. मग चेंडू उचलले. मग कोणाचं चाक निखळलं होतं त्यांना पाना आणून दिला. संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं की पिवळ्या जाकिटातल्या कोणालाच कोणी विचारत नाही, तुम्ही जिंकलात की हरलात. त्यांना सगळे एवढंच विचारतात, पाना आहे का.

निघताना मॅकी म्हणाला, "प्लग लावला म्हणजे लागला असं नसतं. ओढून बघायचं. सुटला तर लागला नव्हता, नाही सुटला तर लागला. खाणीत एवढंच शिकलो."

"जाकीट तुमचं."

"राहू दे अंगावर. आमच्याकडे ज्याला परत यायचं नसतं तो जाकीट दारातल्या खोक्यात टाकून जातो. घालून घरी गेलीस म्हणजे पुढच्या वर्षी येणार."

ती घालूनच गेली. आईने विचारलं, हे काय सोंग? तर म्हणाली, नोकरी लागली. पगार किती? पास्टी एक, कॉफी हवी तेवढी.

तेव्हापासून दर मार्चला क्रिस्टा पाळ्यांची अदलाबदल करून स्पर्धेला हजर. तिचं काम दारावरचं. मैदानाच्या फाटकाशी उभं राहायचं आणि कोणाचा नंबर आला की त्यांचा रोबो आत सोडायचा. प्लग ओढून बघणं तिच्या कामात कुठे लिहिलेलं नाही. पण तिच्या फाटकातून जाणाऱ्या प्रत्येक रोबोसमोर ती वाकते, प्लग मुठीत धरते आणि ओढते. पहिल्यांदा पोरं वैतागायची. आता काही संघ प्लगवर आधीच क अक्षर रंगवून आणतात, म्हणजे बाईला धरायची जागा सापडावी.

या सगळ्या वर्षांत डेरिक स्पर्धेच्या वाटेला गेला नाही. हॉकीच्या सामन्यांत माईकवरून नावं पुकारायची, ट्रकांचे टायर विकायचे, बांधाचा फोटो दाखवायचा, एवढ्यात त्याचा संसार चालला होता. पण नशिबाला थट्टा आवडते. त्याची मुलगी ब्रिन मोठी झाली, हॉकीच्या काठीला तिने हात लावला नाही, आणि सरळ जाऊन शाळेच्या रोबोचा रिमोट गळ्यात घातला. मग डेरिक यायला लागला. सगळ्यात वरच्या बाकावर, हाताची घडी घालून, क्रिस्टाच्या फाटकाकडे पाठ करून.

यंदा मॅकीचा खुब्याचा सांधा बदलायचा निघाला. त्याने मुकादमकी क्रिस्टाच्या गळ्यात घातली. "आता तू बघ. मी दारात खुर्ची टाकून बसेन, लोकांवर ओरडायला."

मुकादमकी म्हणजे माणसं जमवणं, आणि क्रिस्टाला ट्रकशी बोलायची सवय, माणसांशी नाही. तिने शाळेतून बाहेर पडलेल्या सगळ्या जुन्या रोबोवाल्यांना फोन केले. उत्तर एकच: "बघू." आता बघू म्हणजे काय हे जगातल्या कुठल्याही भाषेत कळतं. पण तिने प्रत्येकाला इतक्या वेळा फोन केला की कटकट टळावी म्हणून लोकांनी नावं नोंदवली. पोरांमध्ये वावरणाऱ्यांच्या पोलीस-तपासण्या-बिपासण्या सगळं रीतसर. यायचं थोडंच होतं? खरी माणसं दरवर्षीप्रमाणे दक्षिणेकडून, मोठा पूल ओलांडून बसने येणार होती. आमच्यात आणि त्यांच्यात तो पूल. ते आम्हाला रानटी म्हणतात, आम्ही त्यांना पुलाखालची भुतं म्हणतो. दोन्ही बाजूंनी प्रेमच आहे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वादळ आलं. आमच्या बाजूचे संघ कसेबसे पोचून शाळेच्या वर्गांतच पथारी पसरून झोपले. पण पुलाच्या तारांवरून बर्फाचे तुकडे गाड्यांवर कोसळायला लागले आणि पूल बंद झाला. पिवळ्या जाकिटांची बस पलीकडच्या तीरावर. बसमध्ये ग्लेंडा व्हान डाइक, म्हणजे साऱ्या विभागाच्या स्पर्धांची कारभारीण.

सकाळी तिचा फोन आला तेव्हा क्रिस्टा ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती.

"क्रिस्टा, तिथे मुख्य पंच आहे ना?"

"आहे. तो इकडचाच."

"बाकी?"

"मी. आणि मिस्टर मॅकी, खुर्चीत."

ग्लेंडाने निःश्वास टाकला. बाई वाईट नाही, फक्त दक्षिणेकडची आहे. "दहापर्यंत माणसं उभी राहिली नाहीत तर मला रद्द करावं लागेल. आणि खरं सांगू? मग पुढच्या वर्षीपासून मी ही स्पर्धा पुलाच्या या बाजूलाच घेईन. दरवर्षी हा जुगार नको."

पुलाच्या त्या बाजूला म्हणजे दिवसभराचा प्रवास, मोटेलचा मुक्काम, शाळेची बस. आमच्याकडच्या निम्म्या शाळांत सगळा संघ मिळून आठ-दहा पोरं. त्या शाळा एक वर्ष जातील, दुसऱ्या वर्षी वर्कशॉपला कुलूप लावतील. क्रिस्टाला हे सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच:

"बरं. ट्रक काढते."

"ट्रक? अगं, मी माणसांचं बोलतेय!"

"माणसं रस्त्याच्या कडेलाच राहतात," म्हणून तिने फोन ठेवला.

इथे एक चाल सांगायला हवी. स्पर्धेच्या ठिकाणी रोबो ढकलगाडीवरून गर्दीतून न्यायचा असतो, तेव्हा ढकलणारा घसा फोडून ओरडतो, "रोऽऽबो!" आणि समोरचा माणूस, मग तो मेयर असो की पाद्री, भिंतीला चिकटतो. ज्याने शाळेत ही आरोळी ऐकलीय त्याच्या ती हाडात शिरते. लग्न होतं, टक्कल पडतं, आरोळी जात नाही.

क्रिस्टाने तळ्याकाठचा रस्ता धरला. पहिलं घर सँडी ओयालाचं. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. दुसऱ्या नवऱ्याशी सध्या बरं चाललंय म्हणतात. क्रिस्टाने दारासमोर ट्रक थांबवला, काच खाली केली, भोंगा दाबला आणि ओरडली:

"रोऽऽबो!"

आत सँडी हातात ब्रश घेऊन भिंतीला चिकटली. मग तिला आपण स्वतःच्या न्हाणीघरात आहोत हे कळलं, आणि ती खिडकीत आली.

"क्रिस्टा, वेड लागलं का तुला?"

"पूल बंद आहे. माणसं नाहीत. तू चेंडू मोजायचीस ना?"

"अगं, मी बघू म्हणाले होते!"

"मग बघ. रस्ता साफ करतेय मी, माझ्या मागे मागे गाडी आण."

"केस ओले आहेत माझे!"

"टोपी घाल."

पुढचं घर रॉय बोड्रीचं. तो गराजमध्ये लपला; पण सासूने त्याला हाताला धरून बाहेर आणला, "घेऊन जा याला, सकाळपासून माझ्या पायात येतोय." एकेक घर, एकेक भोंगा. कोणी दात घासत होतं, कोणी पॅनकेक उलटत होतं. आणि आश्चर्य म्हणजे लोक येत गेले. कुरकुरत आले, पण आले. नांगरामागे गाड्यांची रांग लागली. ज्यांना फोनवर चार महिने जमत नव्हतं त्यांना एका आरोळीने कसं जमलं, हे ज्याने कधी रोबोची गाडी ढकलली असेल त्यालाच कळेल. मग लोक सांगायला लागले की आम्ही येणारच होतो. सांगू देत. खोटं बोलल्याशिवाय चांगलं काम पचत नाही काही जणांना.

रस्त्याच्या शेवटी वळण आलं. वळणावर डेरिक.

त्याच्या दारात बांध पडला. पडणारच होता, क्रिस्टाच्या ट्रकचाच फाळ, क्रिस्टाच्या डोळ्यांदेखत. डेरिक दारात उभा, हातात कॉफीचा मग, पायात घरातले बूट. त्याने बांध पाहिला, मग रांग पाहिली, मग क्रिस्टाला.

"काय गं बॅटरी, आज वरात घेऊन बांध घालायला आलीस?"

"माईकवर माणूस नाही," क्रिस्टा म्हणाली. "तुझं नाव आहे नोंदवलेलं."

"मी नाही नोंदवलं!"

"ब्रिनने नोंदवलं."

डेरिकचा मग तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ब्रिन रात्रीपासून शाळेत होती, रोबोपाशी.

"आणि मी बाहेर कसा येऊ? उडत? हा हिमालय कोणी रचलाय?"

"काउंटीचा ट्रक आत घालता येत नाही."

"नियम माहितेय मला! सतरा वेळा सांगितलायस!"

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. क्रिस्टाने थोडा विचार केला. मग ती ट्रकमधून उतरली, मागून फावडं काढलं आणि बांध उपसायला लागली. हाताने. नियम ट्रकसाठी आहे, फावड्यासाठी नाही.

डेरिक बघत राहिला. सँडी गाडीची काच खाली करून बघत राहिली. रॉयने फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. कधी ना कधी बारमधल्या त्या फोटोला जोड लागणारच होती.

"डावीकडून उपस. डावीकडे भुसभुशीत आहे," डेरिक म्हणाला.

क्रिस्टा डावीकडून उपसायला लागली.

"इतका जाड बांध दुसऱ्या कोणाच्या दारात असतो का? सांग ना. खरं सांग."

"वळण आहे."

"वळण म्हणे!" डेरिक आत गेला. लोकांना वाटलं, संपलं. तर तो बूट बदलून, आपलं मोठं बर्फाचं सुपडं घेऊन बाहेर आला आणि पलीकडून उपसायला लागला. दोघं दोन्हीकडून. नुसत्या धापा. मध्येच डेरिक म्हणाला, "मी काय बोलू माईकवर? मला त्या खेळाचं काही कळत नाही आता."

"हॉकीचं तरी कुठे कळतं तुला."

डेरिक हसला. खूप वर्षांनी तिच्यासमोर. मग फावडं आणि सुपडं मध्यभागी एकमेकांवर आपटलं आणि वाट झाली.

दहाला थोडा अवकाश असताना नांगर शाळेपाशी पोचला, मागे रांग. दारात मॅकी खुर्चीत, शेजारी पिवळ्या जाकिटांचा खोका. "बूट झटका! आत बर्फ आणू नका! सँडी, किती वाढलीस! रॉय, तू नाही वाढलास!" असं म्हणत त्याने एकेकाला जाकीट फेकलं. क्रिस्टाने ग्लेंडाला फोन लावून हॉलकडे धरला. आतून डेरिकचा आवाज आला आणि बहुधा पुलाच्या पलीकडे फोनशिवायही ऐकू गेला असावा.

"मान्य," ग्लेंडा म्हणाली. "आज निभावलंत. पण वादळाच्या दिवशी जमलेली माणसं म्हणजे संघ नव्हे. मला पुढच्या वर्षीची माणसं सांग. संध्याकाळपर्यंत. तरच पुढच्या वर्षी तिथे."

क्रिस्टा म्हणाली, बरं.

दिवस गेला झकास. चर्चच्या बायकांनी पास्ट्या आणल्या, केचपवाले डावीकडे आणि रस्सेवाले उजवीकडे बसले. सँडी चेंडू मोजताना दोनदा भांडली आणि दोन्ही वेळा बरोबर निघाली. नॉर्थ फोर्क नावाच्या शाळेची मोटर जळली तेव्हा डेरिकने माईकवरून विचारलं, "आहे का कोणाकडे जादा मोटर? नॉर्थ फोर्कची जळलीय, स्वैपाक येत नसला की असं होतं!" आणि हेमलॉक बेच्या पोरांनीच धावत जाऊन आपली दिली. तशी रीतच आहे. समोरच्याला नीट उभं करायचं, आणि मग पाडायचं.

आणि पाडायची वेळ आलीच. शेवटचा सामना. लाल बाजूला हेमलॉक बे, निळ्या बाजूला तीच नॉर्थ फोर्क, हेमलॉक बेचीच मोटर पोटात घेऊन. एक सामना यांनी जिंकलेला, एक त्यांनी. तिसऱ्यावर सगळं.

ब्रिन रिमोट घेऊन लाल बाजूला उभी होती, बापासारखीच हनुवटी पुढे काढून. निळ्यांचे रोबो फाटकाशी आले. शेवटी नॉर्थ फोर्कचा. ढकलणारी दोन पोरं घामाघूम, दोन सामन्यांमधल्या घाईत बॅटरी आत्ताच बदललेली. क्रिस्टा वाकली आणि तिला प्लगपाशी दिसली ती फट.

केसाएवढी. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. पण ही फट क्रिस्टा झोपेतही ओळखेल. त्या फटीपायी अर्धं आयुष्य गाव तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत आलं होतं.

पंच हात हलवत होता, आटपा. तिचं काम फाटकातून सोडण्याचं. ओढून बघायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मागे सगळं गाव लाल टोप्या घालून बसलं होतं, आणि त्या गावातून तिला संध्याकाळपर्यंत पुढच्या वर्षीची माणसं हवी होती. न ओढता सोडलं असतं तर कोणाला कळलं असतं? मैदानात ठेवताना हिसका बसला असता, आणि निळा रोबो रुसून बसला असता.

क्रिस्टाने ओढलं. प्लग अलगद हातात आला.

पहिल्या रांगेतल्या एका आईच्या तोंडून चर्चबाहेरचा शब्द निघाला. वरच्या बाकावरून कोणी ओरडलं, "अगं, कोणाच्या बाजूची तू?"

ढकलणाऱ्या पोरीचा चेहरा बर्फासारखा झाला. क्रिस्टाने प्लग तिच्या हातात दिला. "लाव. दाब. आणखी. टक् वाजलं पाहिजे."

टक् वाजलं. क्रिस्टाने पुन्हा ओढलं. नाही सुटला. "जा."

हॉलमध्ये कुजबूज वाढत होती. सगळ्यांनी डेरिककडे पाहिलं, कारण माईक त्याच्याकडे, आणि मैदानात उभी ती पोर त्याची. डेरिक माईक हातात घेऊन उभा होता. त्याने क्रिस्टाकडे पाहिलं. मग माईक तोंडाशी नेला.

"काय गं बॅटरी," तो म्हणाला, "लागली का?"

सगळ्या लाल टोप्या फाटकाकडे वळल्या.

क्रिस्टाने अंगठा वर केला. "लागली!"

"मग चला," डेरिक म्हणाला. "आज कोणी उभ्या-उभ्या हरणार नाही इथे. हरायचं तर पळता पळता!"

कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी. मग सगळा हॉल, आणि शिट्टी झाली.

हेमलॉक बे हरलं. थोडक्यात हरलं, पण हरलं. शेवटचा चेंडू कडेवर लागून बाहेर गेला आणि ब्रिनने रिमोट खाली ठेवून सरळ फाटक गाठलं. डोळे लाल, आवाज बापाचा.

"तुम्ही का ओढलंत ते? नसतं ओढलं तर?"

क्रिस्टाने फाटकाची कडी लावली. ती म्हणाली, "माझ्या वेळी कोणी ओढलं नव्हतं."

ब्रिन काहीतरी बोलणार तेवढ्यात वरच्या लाउडस्पीकरमधून आवाज आला. "मैदान झाडायचंय! प्लॅस्टिकचा कचरा पडलाय, बक्षिसं अडलीत! झाडणारे हवेत, हरलेल्यांना प्राधान्य!" आणि मग, "ब्रिन लाहटी, तुझा बाप बोलतोय."

ब्रिनने वर पाहिलं, दात खाल्ले, आणि खोक्यातलं एक जाकीट ओढून अंगात घातलं. गुडघ्यापर्यंत आलं. झाडू असा मारला की आधी कचरा उडाला, मग धूळ, आणि शेवटी राग. नॉर्थ फोर्कची ती ढकलणारी पोर न सांगता सुपली धरायला गेली. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण एकदा हसल्या, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

लोक पांगायला लागले तेव्हा क्रिस्टा दारात उभी राहिली, खोक्यापाशी. यायचं नसलेला माणूस जाकीट तिथे टाकून जाणार, ही मॅकीची रीत सगळ्यांना ठाऊक. तिने कोणाला काही विचारलं नाही. विचारायला जमलंही नसतं.

रॉय आला, खोक्याशी घुटमळला, जाकिटाची चेन अर्धी उघडली. मग म्हणाला, "बाहेर गार आहे," आणि चेन वर ओढून गेला. सँडी म्हणाली, "धुऊन आणते, पुढच्या वर्षी." एक जण टाकून गेला, तर दोन पावलांवरून परत आला आणि उचलून घेतलं. ब्रिन गेली तीही घालूनच, जाकिटाला हात न लावता, जणू अंगात काही आहे हे ती विसरलीच होती.

फोन वाजला. ग्लेंडा.

"बोल क्रिस्टा. पुढच्या वर्षीची माणसं?"

क्रिस्टाने खोक्यात वाकून पाहिलं. "खोका रिकामा आहे."

"म्हणजे? कोणीच नाही?"

"नाही, म्हणजे, रिकामा आहे," क्रिस्टा म्हणाली, आणि फोन खोक्यात धरला.

मॅकीने खुर्चीतून हात पुढे केला आणि फोन घेतला. "ग्लेंडा, मी मॅकी. खोका रिकामा म्हणजे जाकिटं सगळी घरी गेली. तू एक कर, यंदाच्यापेक्षा जास्त जाकिटं पाठव. आणि मोठ्या मापाची पाठव, डेरिक लाहटीला चेन लागत नव्हती." जरा ऐकलं. "हो, तोच आवाज. बरं. मार्चमध्ये भेटू. पूल उघडा ठेव."

सोमवारी पहाटे पुन्हा बर्फ पडला. क्रिस्टा नांगर घेऊन निघाली. वळणावर डेरिक आधीच रस्त्याकडेला उभा, पिवळं जाकीट घालून, पोटावर चेन उघडी, हातात पट्टी. ट्रक जवळ आला, फाळ जरा दारापासून दूर वळला, आणि डेरिकच्या दारात बांध पडला.

डेरिक वाकला, पट्टी लावली. शेजाऱ्याच्या बांधाला लावली. परत आपल्या बांधाला लावली.

"अगं बॅटरी!" तो ट्रकच्या मागे ओरडला. "हा तर शेजाऱ्याएवढाच आहे! आता मी बारमध्ये काय दाखवू?"